वडिलांना अ‍ॅसिडिटी म्हणून घरी पाठवलं, पहाटे हार्ट अटॅकने गेले: केस होते का, आणि कशी करायची

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. बाकीच्यांनाही संदर्भ लागावा म्हणून थोडक्यात परत मांडतो. वडील ५४ वर्षांचे, शुगरची गोळी चालू, शाळेत क्लार्क. रात्री जेवणानंतर पोटाच्या वरच्या बाजूला जळजळ, दरदरून घाम, दोनदा उलटी, डावा खांदा जड. रात्री ११.४० ला गावातल्या खाजगी हॉस्पिटलला नेलं, ड्युटीवरच्या डॉक्टरांनी अ‍ॅसिडिटी सांगितली, पॅन्टोप्राझोलचं आणि उलटीचं इंजेक्शन दिलं, एक सलाईन लावली आणि साडेबाराच्या सुमारास घरी पाठवलं. ईसीजी काढलाच नाही. पहाटे पाचला घरात कोसळले, दुसऱ्या हॉस्पिटलला ५.३५ ला पोचलात, तिथे लगेच ईसीजी काढला, मोठा हार्ट अटॅक, सव्वासातला गेले. आता १४ महिने झालेत, आई खचलीय, भाऊ म्हणतो पोलीस केस करू, काका म्हणतात डॉक्टरांविरुद्ध काही होत नसतं, आणि तुम्ही विचारताय की खरंच काही होतं का.

होतं. पण कुठल्या मुद्द्यावर होतं ते आधी नीट समजून घ्या. मी वकील म्हणून वीसेक वर्षं सोलापूर आणि पुण्यात ग्राहक आयोगात हेच काम करतोय, आणि जेवढ्या केसेस हरलेल्या बघितल्या त्यातल्या निम्म्याहून जास्त तक्रारीच्या पहिल्याच पानावर हरलेल्या होत्या, कारण पहिल्या पानावर लिहिलेलं असतं 'डॉक्टरांनी चुकीचं निदान केलं म्हणून आमचा माणूस गेला'. हे वाक्य तुमच्या तक्रारीत कुठेही येऊ देऊ नका. चुकीचं निदान हा आपल्याकडे कायद्याने निष्काळजीपणा नाहीये. डॉक्टरने सगळं तपासलं, विचार केला आणि तरी अंदाज चुकला तर कोर्ट त्याला जबाबदार धरत नाही, आणि धरूही नये असं माझंही मत आहे, नाहीतर कुणी डॉक्टर अवघड पेशंटला हात लावणार नाही. २०१० च्या कुसुम शर्मा केसमध्ये सुप्रीम कोर्टाने हेच स्पष्ट केलंय, निर्णय चुकणं वेगळं आणि निष्काळजीपणा वेगळा.

मग तुमची केस काय? तुमची केस अशी की निदानापर्यंत पोचायची जी साधी पायरी, जी त्या जागी बसलेला कुठलाही बऱ्यापैकी डॉक्टर चढला असता, ती चढलीच गेली नाही. ५४ वर्षांचा शुगरचा माणूस, घाम, उलटी, पोटाच्या वर दुखणं, खांदा जड. हृदयाच्या खालच्या भिंतीचा अटॅक कधीकधी असाच येतो, छातीत न दुखता पोटात दुखून, आणि शुगरच्या पेशंटला तर कितीदा नीट दुखतही नाही, हे एमबीबीएसच्या पोरालाही शिकवलेलं असतं. म्हणून तर नियम असा की अशी लक्षणं असली की पेशंट दारात आल्यापासून १० मिनिटांत ईसीजी निघाला पाहिजे, हृदयरोगाच्या आंतरराष्ट्रीय गाईडलाईन्समध्ये ते लिहिलेलंच आहे. ईसीजीला काही शे रुपये लागतात, मशीन तालुक्याच्या दवाखान्यातही असतं. तेव्हा तुमचं वाक्य 'अटॅक ओळखला नाही' असं नको, 'अटॅक आहे की नाही हे बघायची तपासणीच केली नाही' असं पाहिजे. ह्या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात तुम्ही डॉक्टरच्या बुद्धीवर बोट ठेवताय, दुसऱ्यात त्याने न केलेल्या एका ठराविक कामावर. आयोगाला दुसरं तपासता येतं.

ह्याला आधार म्हणून एक निकाल मी नेहमी लावतो, हैदराबादची व्ही. किशन राव केस. हे गृहस्थ स्वतः मलेरिया विभागात अधिकारी होते. बायकोला थंडी वाजून ताप येत होता, हॉस्पिटलने टायफॉईड धरून उपचार केले, मलेरियाचे केलेच नाहीत, शेवटी अगदी हाताबाहेर गेल्यावर दुसऱ्या हॉस्पिटलला हलवलं, तिथे त्या गेल्या. जिल्हा फोरमने (आताचं जिल्हा आयोग) २ लाखांची भरपाई दिली, राज्य आयोगाने ती काढून घेतली कारण तज्ज्ञ डॉक्टरचा पुरावा दिला नव्हता, राष्ट्रीय आयोगानेही तेच कायम ठेवलं. २०१० मध्ये सुप्रीम कोर्टाने फोरमचा निकाल परत आणला आणि सांगितलं की प्रत्येक केसमध्ये तज्ज्ञाचं मत पाहिजेच असं नाही, जिथे चूक कागदावर सरळ दिसतेय तिथे तज्ज्ञाची अट घालून लोकांना अडवू नका. पहिल्या हॉस्पिटलच्या डॉक्टरने स्वतःच साक्षीत मान्य केलं होतं की मलेरियाचे उपचार दिले नाहीत. आणि भोपाळची मंगलिक केस बघा, डेंग्यूची बाई, निदान बरोबर होतं पण मधले काही तास तब्येतीवर आणि तपासण्यांवर जसं लक्ष ठेवायला हवं तसं ठेवलं गेलं नाही, २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने १५ लाख दिले. बाळांच्या डोळ्यांच्या केसेस पण ह्याच वळणाच्या. चेन्नईच्या सरकारी दवाखान्यात १९९६ मध्ये वेळेआधी जन्मलेलं बाळ, अशा बाळांचा डोळ्याचा पडदा तपासायचा असतो हे आईबापाला कुणी सांगितलंच नाही, मुलगी आंधळी झाली, २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने जवळजवळ १ कोटी ८० लाखांची भरपाई दिली. सगळीकडे मुद्दा एकच, जे बघायला पाहिजे होतं ते बघितलंच गेलं नाही.

आणि ह्या कायद्यातली एक जुनी, महत्त्वाची केस आपल्याच मातीतली आहे. १९५३ साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर एका तरुण मुलाची मांडी मोडली, वडिलांनी टॅक्सीने ११ तास प्रवास करून पुण्याला आणलं, तिथे पुरेशी भूल न देता हाड बसवताना जोर लावला गेला आणि मुलगा गेला. ती जोशी विरुद्ध गोडबोले केस १९६८ ला सुप्रीम कोर्टात संपली. भरपाई किती, तर ३ हजार रुपये. पण त्या बापाने पंधरा वर्षं लढून जे मिळवलं ते आजही भारतातल्या वैद्यकीय निष्काळजीपणाच्या केसेसमध्ये परत परत येतं, की डॉक्टरवर तीन कर्तव्यं असतात, पेशंट हाती घ्यायचा की नाही हे ठरवताना काळजी, कुठला उपचार द्यायचा हे ठरवताना काळजी, आणि उपचार देताना काळजी. तुमच्या वडिलांची केस मधल्या कर्तव्याची आहे. त्या ३ हजारांबद्दल मी जेव्हा जेव्हा लिहितो तेव्हा मला त्या वडिलांचा विचार येतो.

आता अवघड भाग. समजा ईसीजी काढला असता, तर वडील वाचले असते का? समोरचा वकील सगळा जोर इथेच लावणार. तो म्हणेल अटॅक पहाटे आला, रात्री काही नव्हतं. किंवा म्हणेल रात्री ईसीजी काढला असता तरी नॉर्मल आला असता. आणि ह्यात थोडं तथ्य आहे हे आधीच मान्य करा, पहिला ईसीजी कधीकधी नॉर्मल येतो. पण म्हणूनच तर अशा पेशंटला थांबवून घेतात, अर्ध्या तासाने परत ईसीजी काढतात, ट्रोपोनिन नावाची रक्ताची तपासणी करतात. एक सलाईन संपली आणि घरी, असं नसतं. आणि समजा अटॅक तेव्हाच चालू होता, तर छोट्या हॉस्पिटललाही करण्यासारखं बरंच होतं, रक्ताची गुठळी वाढू न देणाऱ्या अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेलच्या गोळ्या, गुठळी विरघळवायचं इंजेक्शन, आणि अ‍ॅम्ब्युलन्सने कॅथलॅब (जिथे अँजिओप्लास्टी होते) असलेल्या ठिकाणी पाठवणं. ते इंजेक्शन १२ तासांच्या आत देता येतं, आणि जितकं लवकर तितकं हृदय वाचतं. तुमच्या वडिलांकडे रात्री ११.४० ते पहाटे ५ म्हणजे पाच तास वीस मिनिटं होती. हा आकडा तक्रारीत ठळक आला पाहिजे. आयोग शंभर टक्के खात्री मागत नाही, शक्यता कुठल्या बाजूला जास्त झुकते ते बघतं.

दुसऱ्या हॉस्पिटलचा ईसीजी, तिथला डॉक्टरांनी लिहिलेला पेपर आणि मृत्यूच्या कारणाचा दाखला, हे तिन्ही तुमच्याकडे आहेत असं लिहिलंय. फार मोठी गोष्ट आहे. पोस्टमॉर्टेम केलं नाही म्हणून अपराधी वाटून घेऊ नका, त्या अवस्थेत कुणाला सुचतं, आणि तुमच्या केसमध्ये ईसीजी असल्यामुळे ते अडणार नाही. (ज्यांच्याकडे मृत्यूचं कारण कुठेच नोंदलेलं नाही त्यांना मात्र पोस्टमॉर्टेम नसणं फार महागात पडतं, एवढं बाकीच्यांनी लक्षात ठेवा.) त्या ५.३५ च्या पेपरवर दुसऱ्या डॉक्टरांनी हिस्टरी काय लिहिलीय ते भिंग लावून वाचा. तिथे 'रात्रीपासून पोटात दुखणे, घाम, बाहेर इंजेक्शन घेतले' असं काही असेल तर तो तुमचा सगळ्यात भारी पुरावा आहे, कारण ते लिहिणाऱ्याचा तुमच्या भांडणाशी काही संबंध नव्हता आणि तेव्हा केसचा विचारही कुणाच्या डोक्यात नव्हता.

कागद. इथे मी जरा वेळ घेणार.

पहिल्या हॉस्पिटलकडून सगळे पेपर मागा, आणि वकिलाची नोटीस पाठवायच्या आधी मागा. लोक उलटं करतात, रागात आधी नोटीस ठोकतात, मग पेपर मागतात, आणि मग जे पेपर येतात त्यात 'ईसीजीचा सल्ला दिला, नातेवाईकांनी नकार दिला' असं एक वाक्य वेगळ्याच शाईत येतं. आधी साधा अर्ज, मराठीत, आईच्या सहीने: अमुक तारखेला अमुक वाजता माझ्या पतींना आपल्याकडे आणलं होतं, त्यांचा ओपीडी पेपर, नर्सच्या नोंदी, दिलेल्या औषधांची नोंद, बिल, सगळ्याच्या सही-शिक्क्याच्या प्रती द्याव्यात. दोन प्रती काढा, एकीवर पोच घ्या. पोच देत नसतील तर तिथेच वाद घालू नका, पोस्टात जा आणि रजिस्टर एडीने पाठवा. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांत पेशंट किंवा त्याच्या माणसाने मागितल्यावर ७२ तासांत रेकॉर्ड द्यायचं असं आहे, आणि ॲडमिट पेशंटचं रेकॉर्ड तीन वर्षं जपायचं असं आहे. ते म्हणतील हा पेशंट ॲडमिट नव्हताच, ओपीडी होता. म्हणून बिल नीट बघा, बेड चार्ज किंवा ऑब्झर्वेशन असा शब्द असेल तर ते बोलणं तिथेच संपतं. दिलेच नाहीत तर तेही तुमच्याच बाजूने जातं, आयोगात अर्ज करून कागद हजर करायचा हुकूम मागता येतो आणि तरी आणले नाहीत तर आयोग त्यातून हॉस्पिटलविरुद्ध अर्थ काढू शकतं.

मग तुमच्या घरातले कागद. मेडिकलचं बिल सापडलं का? त्यावर इंजेक्शनची नावं आणि बहुतेक वेळ पण छापलेली असते, पॅन्टोप्राझोल दिलं आणि अ‍ॅस्पिरिन दिलं नाही हे एका बिलावर सिद्ध होतं. पैसे फोनपे किंवा जीपेने दिले असतील तर ती एंट्री मिनिटासकट आहे. भावाने रात्री कुणाकुणाला फोन केले त्याची कॉल लिस्ट, घरच्या ग्रुपवर 'पप्पांना अ‍ॅसिडिटी झालीय, सलाईन लावलीय' असा कुणी मेसेज टाकला असेल तो, पहाटे रिक्षावाल्याला किंवा १०८ ला लावलेला फोन. हे सगळं एका कागदावर वेळेप्रमाणे एकाखाली एक लिहून काढा. मोबाईल विकू नका, बदलू नका, आणि स्क्रीनशॉट देताना वकिलाला सांगून साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे मोबाईलसारख्या डिजिटल पुराव्यासाठी लागणारं, प्रमाणपत्र जोडायला लावा. सीसीटीव्ही १४ महिन्यांनी मिळणार नाही, ते काही आठवड्यांत पुसलं जातं. तुमच्या वडिलांची शुगरची जुनी फाईलसुद्धा ठेवा, कारण ते म्हणणारच की शुगर आहे हे आम्हाला सांगितलं नाही, आणि ओपीडी पेपरवर जर त्यांनी स्वतःच शुगरची नोंद केलेली असेल तर ती आमच्यासाठी सोन्यासारखी.

मी एक केस हरलोय ती सांगतो, म्हणजे कळेल मी कागदावर एवढा का अडतोय. खोकल्याचा माणूस, एक्सरे काढला, रिपोर्टमध्ये सावली दिसते, सीटी स्कॅन करा असं लिहिलेलं. तो लिफाफा पेशंट सेंटरवरून थेट घरी घेऊन गेला, डॉक्टरकडे परत गेलाच नाही कारण खोकला कमी झाला होता. आठ महिन्यांनी फुफ्फुसाचा कॅन्सर निघाला. घरच्यांना मनापासून वाटत होतं की डॉक्टरने दुर्लक्ष केलं, मलाही त्यांच्या बाजूने बोलताना तसंच वाटायचं. पण पहिल्या पेपरवर 'रिपोर्टसह तीन दिवसांनी या' असं लिहिलेलं होतं आणि ते मी तक्रार दाखल करताना नीट वाचलं नव्हतं. ती चूक माझी होती. तेव्हापासून पेपरचा प्रत्येक कोपरा वाचल्याशिवाय मी वकालतनामा घेत नाही.

तज्ज्ञाचं मत घ्या. वर किशन राव केस सांगितली तरीही घ्या, कारण हॉस्पिटल हमखास दोन डॉक्टरांची शपथपत्रं आणणार आणि तेव्हा तुमचा हात रिकामा नको. २०२१ च्या हरीश कुमार खुराना केसमध्ये सुप्रीम कोर्टाने पुराव्याअभावी निकाल पेशंटच्या घरच्यांविरुद्धच दिलाय, पेशंट दगावला म्हणजे निष्काळजीपणा झालाच असं धरता येत नाही असं म्हणून. गावातला डॉक्टर गावातल्या डॉक्टरविरुद्ध लिहून देत नाही, त्यांच्यावर रागावून उपयोग नाही, त्यांना एकमेकांत राहायचं असतं. दुसऱ्या जिल्ह्यातला एमडी मेडिसिन बघा, सरकारी मेडिकल कॉलेजातून रिटायर झालेले प्रोफेसर असतील तर सगळ्यात उत्तम, ते शांतपणे वाचतात. त्यांना हॉस्पिटलचं, डॉक्टरचं नाव झाकून पेपर द्या आणि एवढंच विचारा: अशा वयाचा, अशा लक्षणांचा पेशंट रात्री ११.४० ला आला तर काय काय करायला पाहिजे होतं, ह्यात काय केलं गेलंय, आणि ते केलं असतं तर काय फरक पडला असता. तीन प्रश्न. त्यांनी जर सांगितलं की केलं ते बरोबर होतं, तर माझं प्रामाणिक म्हणणं की तिथे थांबा, पुढची पाच वर्षं आणि आईची तब्येत वाचेल. तुमचं वर्णन बघता ते तसं म्हणतील असं मला वाटत नाही.

त्या रात्री ड्युटीवर कोण होतं ते पण शोधा. बोर्डावर एमडीचं नाव आणि रात्री बीएएमएस (आयुर्वेद) किंवा बीएचएमएस (होमिओपॅथी) शिकलेला आरएमओ, म्हणजे ड्युटीवरचा डॉक्टर, एकटा, हे आपल्याकडे सर्रास असतं. नुसतं तो बीएएमएस होता एवढ्यावर केस होत नाही, महाराष्ट्रात त्यांना अ‍ॅलोपॅथीची काही मुभा कायद्यानेच आहे. पण मोठ्या डॉक्टरला फोन केला का, आयसीयू असलेल्या ठिकाणी पाठवा असं म्हटलं का, हे प्रश्न मग जास्त टोकदार होतात. १९९६ च्या पूनम वर्मा केसमध्ये मुंबईतल्या होमिओपॅथ डॉक्टरने तापाला अ‍ॅलोपॅथीची औषधं दिली, पेशंट गेला, सुप्रीम कोर्ट म्हणालं की जी पॅथी शिकलाच नाहीत ती वापरणं हाच मुळात निष्काळजीपणा, ३ लाख भरपाई दिली. हॉस्पिटल मात्र कुठल्याही परिस्थितीत जबाबदार राहतं, आरएमओ नोकरी सोडून गेला हे उत्तर चालत नाही. दोघांनाही पार्टी करा. डॉक्टरांचा इन्शुरन्स असतो, कंपनीचं नाव कळलं की तिलाही करा.

आता कुठे जायचं. ग्राहक आयोग. डॉक्टरची सेवा ग्राहक कायद्यात येते हे १९९५ मध्येच व्ही. पी. शांता केसमध्ये ठरलंय, मधे २०२४ मध्ये त्याचा फेरविचार व्हावा असं काही चाललं होतं पण २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाच्या तीन न्यायमूर्तींनी त्याला नकार दिला. फक्त अट अशी की सेवा पैसे देऊन घेतलेली हवी, किंवा अशा ठिकाणी की जिथे काहींकडून पैसे घेतात. तुम्ही १,८५० रुपये भरलेत, विषय संपला. २०१९ च्या नव्या कायद्यात कुठलं आयोग हे भरलेल्या पैशांवर ठरतं, मागितलेल्या भरपाईवर नाही, ५० लाखांपर्यंत पैसे भरले असतील तर जिल्हा आयोग. म्हणजे तुम्ही ४० लाख मागा नाहीतर ६० लाख, जिल्ह्यालाच जायचं, आणि ५ लाखांपर्यंतच्या बिलाला फी शून्य. हो, शून्य, काकांना सांगा. शिवाय नव्या कायद्यात तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी करतो तिथेही केस टाकता येते, तुम्ही पुण्यात नोकरीला असाल तर पुण्यातही टाकू शकता, गावात दबाव येईल अशी भीती असेल तर जरूर टाका. तक्रारदार म्हणून आई, तुम्ही आणि भाऊ तिघेही या. ऑनलाईन दाखल होते.

पूर्ण मोफत उपचार देणाऱ्या सरकारी दवाखान्यात असं घडलं असेल तर ग्राहक आयोग नाही, दिवाणी दावा किंवा हायकोर्ट. औरंगाबादच्या चंद्रिकाबाईंची केस तशीच, १९६३ मध्ये नसबंदीच्या ऑपरेशनमध्ये पोटात कापड राहिलं, त्या गेल्या, आणि राज्य सरकार जबाबदार आहे हे १९९६ ला सुप्रीम कोर्टाने ठरवलं. तेहतीस वर्षं.

मुदत दोन वर्षं. तुमचे १४ महिने गेलेत, म्हणजे १० उरलेत, ते ऐकायला भरपूर वाटतात पण पेपर मिळवण्यात तीन आणि तज्ज्ञ शोधण्यात तीन असे सहज जातात. वडील गेले त्या तारखेपासून मोजा, 'आम्हाला नंतर कळलं' ह्यावर विसंबू नका. लपलेली चूक असेल तर कळल्यापासून मुदत धरतात हे खरंय, पण २०१० चा श्रीखंडे केसचा निकाल वाचा. नर्स असलेल्या बाईंचं १९९३ ला पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, पोटात राहिलेली गॉज २००२ ला निघाली, तक्रार २००४ ला. सुप्रीम कोर्ट म्हणालं नऊ वर्षं दुखत होतं तर तेव्हाच शोध घ्यायला हवा होता, मुदत गेली. पोटातून गॉज निघूनसुद्धा.

पोलीस केसबद्दल भावाला नीट समजवा. बीएनएसच्या (भारतीय न्याय संहितेच्या) कलम १०६ मध्ये डॉक्टरला दोन वर्षांपर्यंतची शिक्षा आहे, पण २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालापासून गुन्ह्यासाठी फार मोठा, ढळढळीत निष्काळजीपणा लागतो आणि त्याआधी दुसऱ्या डॉक्टरचं निष्पक्ष मत घ्यावं लागतं. पोलीस तुमचे पेपर सरकारी डॉक्टरांच्या समितीकडे पाठवतात, तिथे महिने जातात, आणि समितीने जर लिहिलं की गुन्हा दिसत नाही, तर तो कागद हॉस्पिटल ग्राहक आयोगात पहिल्या दिवशी लावतं. दोन्हीकडचं माप वेगळं आहे हे आम्ही ओरडून सांगतो, तरी त्या कागदाचं वजन पडतंच. मी पेपरमध्ये खाडाखोड सापडली तरच पोलिसांकडे जा म्हणतो. मेडिकल कौन्सिलला तक्रार करता येते, मुंबईत, शपथपत्रासह, तिथे पैसे मिळत नाहीत पण डॉक्टरचं रजिस्ट्रेशन काही काळ निलंबित होऊ शकतं. बऱ्याच घरांना पैशापेक्षा तेच हवं असतं, हे मी बघितलंय.

आणि भावाने त्या सकाळी हॉस्पिटलमध्ये जाऊन काच फोडली असं तुम्ही शेवटी हळूच लिहिलंय. ते वकिलाला पहिल्याच दिवशी सांगा. महाराष्ट्रात २०१० चा वेगळा कायदा आहे, हॉस्पिटलच्या तोडफोडीला तीन वर्षांपर्यंत कैद, अजामीनपात्र. त्यांनी अजून तक्रार केली नसेल तर तुमची नोटीस गेल्यावर करतील, तयारी ठेवा. त्याने वडील गमावलेत, मी त्याला दोष देत नाही. पण फेसबुकवर डॉक्टरचं नाव घेऊन टाकलेली पोस्ट आजच काढा.

पैसे किती. नेमका नियम नाही, पण आयोग बऱ्याचदा मोटार अपघाताचं गणित लावतं. वडिलांचा पगार ४० हजार धरला तर वर्षाला ४ लाख ८० हजार, कायम नोकरी आणि पन्नाशीनंतरचं वय म्हणून त्यात १५ टक्के वाढ, झाले ५ लाख ५२ हजार, त्यातून स्वतःच्या खर्चाचा एक तृतीयांश वजा, राहिले ३ लाख ६८ हजार, आणि ५१ ते ५५ वयाला ११ ने गुणायचं, ४० लाख ४८ हजार. वर मानसिक त्रास आणि केसचा खर्च. हे मागायचं गणित झालं, मिळतं ते बऱ्याचदा कमी असतं, आणि रिटायरमेंट जवळ होती हा मुद्दा ते काढणारच. कोलकात्याच्या साहा केसचे ६ कोटी पेपरात वाचून अपेक्षा ठेवू नका, ती पंधरा वर्षांची लढाई होती आणि गेलेल्या बाईंचे पती स्वतः डॉक्टर होते. कायद्यात निकालाला तीन महिने लिहिलेत, प्रत्यक्षात तीन ते पाच वर्षं धरा, मग अपील. अपिलात जायचं तर हॉस्पिटलला निम्मी रक्कम आधी भरावी लागते, त्यामुळे बरेच जण तिथे तडजोडीला येतात. मध्ये आयोग मध्यस्थीला पाठवेल, तेव्हा नाही म्हणू नका, जाऊन बसा. एका केसमध्ये डॉक्टरांनी मध्यस्थीच्या खोलीत पेशंटच्या आईसमोर हात जोडले होते आणि ती बाई म्हणाली मला एवढंच हवं होतं, आणि रक्कम पंधरा मिनिटांत ठरली. हे दरवेळी होत नाही.

ताई, ह्या आठवड्यात फक्त अर्ज करा. आईच्या सहीचा, साधा, कुणावर आरोप न करता. हॉस्पिटलला जाताना भावाला घेऊन जाऊ नका, एखाद्या शांत डोक्याच्या नातेवाईकाला घ्या. काउंटरवर कुणी विचारलं कशाला हवेत तर 'विम्यासाठी आणि घरी फाईल पूर्ण करायची आहे' असं काही खोटं सांगू नका, 'आमचा हक्क आहे म्हणून' एवढंच सांगा. पेपर हातात आले की तिथेच त्यांच्या मागच्या-पुढच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढा, वेळेसकट, आणि मग ओपीडी पेपरवर बीपी आणि नाडी लिहिलीय का तेवढं आधी बघा. ते रकाने रिकामे असतील तर मला कळवा.